अमृतराव तिला का थांबवत नाहीत

६ जानेवारी

ज्योतीताईंच्या सांगण्यावरून हे लिहायला घेतलं आहे. ज्योतीताई म्हणजे माझ्या प्रकाशनाच्या संपादक. "कादंबरी अडली की तिच्याशी भांडत बसू नकोस, अनिमेष. रोज थोडं तिच्याबद्दल लिही. कधी कधी मागच्या दारानं येते," असं त्या काल पुण्याहून फोनवर म्हणाल्या.

अडली आहे हे खरं. अमृतराव नावाचा सत्तरीचा विधुर आणि दमयंती नावाची साठीची विधवा. एका छोट्या गावातल्या बागेत मी त्यांना बाकावर शेजारी शेजारी बसवलं, त्याला दीड महिना झाला. दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत. माझ्याकडे बघतात. आता काय बोलू, असं विचारल्यासारखं.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. दोन द्रव्यं एकत्र आली की काहीतरी व्हायला हवं, निदान रंग तरी बदलायला हवा, ही माझी जुनी अपेक्षा. इथं काहीच होत नाही. पहिल्या कादंबरीला एक लहानसं पारितोषिक मिळालं आणि तेव्हापासून मला भीती बसली आहे की ती चुकून चांगली झाली असावी.

पहाटे उठून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसतो. थोड्या वेळानं बाबा उठतात, चहा ठेवतात, एक कप माझ्यापुढे सरकवतात आणि फिरायला जातात. लष्कराच्या कचेरीत सिव्हिलियन हेडक्लार्क होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बुटांना पॉलिश केल्याशिवाय अजून बाहेर पडत नाहीत. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. मुलगी संस्कृती शिकायला पुण्याला गेल्यापासून नगरजवळच्या भिंगारच्या या घरात आम्ही तिघंच, मी, बायको भार्गवी आणि बाबा.

९ जानेवारी

दोन पानं लिहिली. अमृतराव म्हणाले, "आज हवेत गारवा आहे." दमयंती म्हणाली, "हो ना." देवा.

दोन्ही पानं फाडली.

१२ जानेवारी

आज एक शोध लागला.

बाबा ओसरीत बुटांना पॉलिश करत होते. सहज विचारलं, "बाबा, सत्तरीचा माणूस एखाद्या अनोळखी बाईशी पहिलं वाक्य काय बोलेल?"

मला वाटलं, भलते प्रश्न विचारतो म्हणून वैतागतील. पण त्यांनी ब्रशसुद्धा थांबवला नाही. म्हणाले, "'किती वेळ लागेल?' असं विचारेल."

"कशाला?"

"कशालाही. त्या वयात माणूस आधी तेच विचारतो. मग ती म्हणेल, 'बसा, पाच मिनिटं.' तो बसेल."

"आणि पाच मिनिटांत काम झालं तर?"

"तर त्याला वाईट वाटेल," बाबा म्हणाले आणि दुसरा बूट घेतला.

मी तसाच आत जाऊन लिहायला बसलो. जेवायलाही उठलो नाही. बाग काढून टाकली, बाक काढून टाकला. चार पानं झाली आणि एकही फाडावंसं वाटत नाही. प्रश्न नेमका विचारला की उत्तर कुणाकडूनही मिळतं, हे मला आधी का सुचलं नाही!

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. बाबा संध्याकाळी बाजारातून आले ते एक स्टीलचा डबा घेऊन. तिळाचे लाडू. शेंगदाण्याचं कूट भरपूर आणि गूळ जरा जास्त, आमच्याकडे करतात तसे नाहीत. "कुणी दिले?" तर म्हणाले, "ओळखीचं आहे एक घर."

भार्गवीनं एक लाडू खाल्ला, बाबांकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. रात्री डबा घासून तिनं त्यात आमच्या वड्या भरल्या आणि बाबांच्या टेबलावर ठेवला. डबा रिकामा परत करायचा नाही, ही तिच्या माहेरची शिस्त आहे.

प्रकरण तीन पूर्ण.

२१ जानेवारी

बाबांची काळजी वाटते आहे. महिन्याभरात तिसऱ्यांदा पँट आल्टर करायला दिली. कधी कमरेत सैल होते म्हणतात, कधी आवळते म्हणतात. एवढा चढउतार बरा नव्हे. आज त्यांना जवळजवळ ओढतच लॅबमध्ये नेलं. साखर व्यवस्थित, थायरॉइड व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत."

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आल्यावर पुन्हा बाबांना कामाला लावलं. दमयंती माझ्या आराखड्यात निवृत्त ग्रंथपाल होती. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाचनालयात बोलू देत नाहीत. तिला काहीतरी काम करताना दाखव. समोरच्याचे हात कामात असले की माणसाला बोलणं सोपं जातं. तोंडाकडे बघावं लागत नाही ना."

हे इतकं बरोबर होतं की मी उठून फेऱ्या मारायला लागलो. "शिवणकाम करते असं दाखवू?"

"शिवण नको," बाबा म्हणाले. केवढ्यानं! भार्गवी स्वयंपाकघरातून डोकावली.

"का नको?"

"फार झालंय ते सिनेमात." मग जरा थांबून, "दुसरं काहीतरी घे."

शेवटी बाइंडिंगवर ठरलं. दमयंती आता पुस्तकं बांधते. खळ, टोचा, दोरा. आणि अमृतराव घरातली एकेक धड पुस्तकं उसवून तिच्याकडे दुरुस्तीला नेतात. हे शेवटचं मात्र माझं स्वतःचं. मला फार आवडलं.

३ फेब्रुवारी

ज्योतीताईंना साठ पानं पाठवली होती. आज त्यांचा फोन. "हा म्हातारा तू कुठून आणलास? तू याला ओळखतोस."

"नाही हो," मी म्हटलं, "पूर्ण कल्पना."

"मग तुझी कल्पना वयात आली म्हणायची."

दिवसभर तरंगत होतो. वर्गात बारावीला उत्प्रेरक शिकवताना एकदम वाटलं की बाबा माझे उत्प्रेरक आहेत. उत्प्रेरक प्रक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः काही बदलत नाही, जसाच्या तसा राहतो. मूळ द्रव्य अर्थात लेखकाचंच.

९ फेब्रुवारी

जेवताना बाबांनी विचारलं, "शेवट काय करणार आहेस?"

आजवर त्यांनी कधी आपण होऊन विचारलं नव्हतं. मला बरं वाटलं. मी सांगितलं की दमयंती दुकान बंद करून कायमची गावी निघून जाते. अमृतराव तिला एसटी स्टँडवर सोडायला जातात. गाडी हलते. ते घरी येतात आणि बायकोच्या तसबिरीपुढे दिवा लावतात.

बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात तसाच धरून ठेवला. "तो थांबवत का नाही तिला?"

"कसा थांबवेल? त्याला मुलगा आहे, सून आहे. बायकोच्या इतक्या वर्षांच्या आठवणी आहेत. ते पटणार नाही."

"कुणाला? त्याला, की मुलाला?"

"वाचकाला, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "तू लेखक आहेस," म्हणाले. ताटातली आमटी तशीच राहिली. बातम्याही न बघता खोलीत गेले. भार्गवीनं ताटं इतक्या जोरात उचलली की मी दचकलो.

शेवट त्यांना भिडला असणार. चांगली खूण आहे.

१४ फेब्रुवारी

बाबा संध्याकाळचे बाजाराकडे जायचे बंद झालेत. गुडघे दुखतात म्हणतात. सकाळीही नुसते अंगणात येरझाऱ्या घालतात, आणि त्या घालताना गुडघे दुखताना दिसत नाहीत. परीक्षेच्या गडबडीत मला त्यांच्याकडे बघायला वेळ होत नाही.

भार्गवी आज म्हणाली, "तुझ्या कादंबरीचा शेवट बदल."

"का?"

"वाईट आहे म्हणून."

लग्नाला वीस वर्षं होत आली, पण माझ्या लिखाणाला वाईट म्हणण्याची तिची ही पहिलीच वेळ. ती पोस्टात काम करते, स्पष्ट बोलते, पण माझ्या कागदांच्या वाटेला कधी गेली नव्हती.

२० फेब्रुवारी

शेवटचं प्रकरण लिहून झालं. बारा पानं, एका दमात. भार्गवीला वाचून दाखवलं. एसटीचा दरवाजा बंद होतो तिथं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी मनात म्हटलं, जमलं.

"रडलीस," मी म्हटलं.

"मी तुझ्या कादंबरीसाठी नाही रडले," ती म्हणाली आणि उठून गेली.

मग मी एकटाच पुन्हा वाचत बसलो. सगळं नीट आहे. वाक्यं नीट, थांबे नीट. पण अमृतराव पुन्हा माझ्याकडे बघायला लागलेत. बाकावरून बघायचे तसे.

२३ फेब्रुवारी

आज काय झालं ते क्रमानं लिहितो.

भार्गवी सकाळी म्हणाली, "बाबांची पँट आणायची राहिली आहे. बाजारात वर्दीवाल्या बाईंचं दुकान आहे ना, तिथं दिलीय. तू जा."

"बाबांना जाऊ दे ना, तेवढंच पाय मोकळे होतील."

"तू जा," ती म्हणाली.

गेलो. जुन्या बाजारात जवानांचे कपडे शिवणारी दोनचार दुकानं आहेत, त्यातलं हे सगळ्यात अरुंद. साठी उलटलेली एक उंच, बारीक बाई मशीनवर वाकून एका शर्टावर नावाची पट्टी लावत होती. चष्मा नाकाच्या टोकावर. मी वडिलांचं नाव सांगितलं, यज्ञेश्वर, आणि विचारलं, किती वेळ लागेल.

"बसा, पाच मिनिटं," ती वर न बघता म्हणाली.

मी बसलो. त्या स्टुलावर एक जुनी उशी होती, कुणीतरी रोज बसत असल्यासारखी दबलेली. फळीवर रेडिओ, त्याच्याशेजारी दोन कप. मशीनचा आवाज, दोऱ्याची रिळं, खाली घातलेली मान. फक्त पुस्तकांच्या जागी कपडे होते. बाकी मी सगळं आधीच लिहिलं होतं.

"तुमी अनिमेष," ती म्हणाली. "तोंडावळा त्यांचाच हाय. बरे हायेत का ते?"

"गुडघे दुखतात म्हणतात."

"गुडघे न्हाई दुकत त्यांचे." तिनं दोरा दातानं तोडला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या पुस्तकातली बाई एष्टीत बसून जाती म्हनं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. येवढं सांगून गेले, ते गेलेच. आले न्हाईत परत." तिनं शर्ट बाजूला ठेवला. "मला इचारायचं हुतं, कुटं जाती ती?"

"गावी."

"गावी कोन हाय तिचं?"

दीडशे पानं लिहिली, पण दमयंतीच्या गावी कोण आहे हे मी ठरवलंच नव्हतं. मला ती फक्त जायला हवी होती.

"तिचं दुकान हाय, गिऱ्हाईक हाय," ती म्हणाली. "चांगलं चाललेलं दुकान टाकून बाई उगं कशाला जाईल? त्या मानसाचा पोरगा काय म्हनंल म्हनून? त्या पोराला तिनं कदी पाहिलंबी न्हाई." ती रागावलेली नव्हती. खरोखरच विचारत होती. "मालक गेल्यावर म्या ह्या मशीनवर पोरगं वाडवलं. आता म्या कुटं जानार न्हाई. त्यांनी यावं का न यावं, ते त्यांचं."

मी विचारलं, "पँट झाली का?"

तिनं घडी केलेली पँट पुढे केली आणि एकदम हसली. "ही घ्या. ह्यात करायचं कायबी नव्हतं. तीन डाव सोडली, तीन डाव आवळली. कापड बिचारं कटाळलं."

तिचं नाव विजयमाला. मला ते रस्त्यावर आल्यावर, पाटीवर वाचून कळलं.

२४ फेब्रुवारी

भार्गवीशी भांडलो. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"संक्रांतीपासून. लाडवांवरून. ओळखीचं घर म्हणताना बाबांचे कान लाल झाले होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुलाही कळलं आहे. तू सगळं लिहीतच होतास की! साठ पानं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तुला खरंच कळलेलं नाही. मग मला हसू आलं. आणि मग तू तो शेवट सांगितलास."

मला राग आला आहे आणि तो नेमका कुणावर ते कळत नाही. मी जे निर्माण केलं म्हणत होतो ते बाबांनी मला घासाघासानं भरवलं होतं. त्याचं वाईट वाटतं, पण ते वरचं. खालचं असं आहे की त्या दोन कपांतला एक बाबांचा होता. घरात त्यांचा कप आईच्या कपाशेजारी असायचा. मला तो कप दुसऱ्या फळीवर बघवला नाही. एवढंच.

कॉलेजात एका मुलीनं विचारलं, सर, बरं नाही का?

२७ फेब्रुवारी

पहाटे टेबलावर बसलो होतो, समोर कोरा कागद. बाबा आले. चहा ठेवला. कप माझ्यापुढे सरकवला आणि आज फिरायला न जाता समोरच बसले.

"तू दुकानात गेला होतास."

"हो."

"तिनं निरोप पाठवला. म्हणाली, पोरगा पँट घेऊन पळाला."

मला हसू आलं. मी विचारलं, "तुम्ही मला सरळ का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो. तू रोज विचारत होतास ना, अमृतराव काय बोलेल, काय करेल. मी म्हटलं, बरं आहे, त्याच्या नावावर खपतंय. हळूहळू सांगू. हा मुलगा लिहिता लिहिता समजून घेईल." त्यांनी कप बशीत नीट मध्यभागी ठेवला. "मग शेवट ऐकला. म्हटलं, मिळालं उत्तर."

"मी तुम्हाला उत्तर दिलं नव्हतं, बाबा. मी फक्त..."

"माहीत आहे. पण दुसरं कुठलं उत्तर मागायचं मला धैर्य झालं नाही."

बाहेर दूधवाला हाक मारून गेला.

"आईला विसरलात?" हे मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

बाबा चिडले नाहीत. "पहिले कितीतरी महिने मी विजयमालाबाईंकडे फक्त तुझ्या आईबद्दल बोलत होतो. ती काय करायची, काय म्हणायची, कशी भांडायची. त्या शिवायच्या आणि ऐकायच्या. घरात कुणाशी बोलणार? तिचं नाव काढलं की तू उठून जातोस."

"मी?"

"अजूनही जातोस."

मी जागेवरून उठलो होतो. बाबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी परत बसलो.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. दोघांना रजिस्टर लग्न करायचं आहे. विजयमालाबाईंचा मुलगा हनुमंत पारनेरजवळ शेती करतो. तो म्हणाला आहे, तुमच्या घरचं कुणी येऊन बोललं तर मी पुढं बोलेन. हे बाबांनी दिवाळीपासून पोटात ठेवलं होतं.

"मी जातो," मी म्हटलं.

"विचार करून सांग."

"बाबा, विचार केला की माझं काय होतं ते तुम्ही पाहिलंत."

२ मार्च

पारनेरला जाऊन आलो, मी आणि भार्गवी. मोटरसायकलवर जाताना भार्गवी मागून म्हणाली, "आपण मुलाकडचे बरं का. जरा ताठ बस." मी हसलो आणि ताठ बसलो. वर्गात शंभर पोरांपुढे उभा राहतो, पण वडिलांसाठी स्थळ घेऊन कसं बोलायचं हे कुणी शिकवलेलं नाही.

हनुमंत चाळिशीतला, रुंद, कमी बोलणारा. शेतात कांदा काढणी चालू होती, तो हात धुऊन आला. पाणी दिलं, चहा दिला, पावसापाण्याचं झालं. मी वाटेत जुळवलेली वाक्यं बोलायला सुरुवात केली. एकटेपणा, सोबत, उतारवयातला आधार. हनुमंतनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "सर, ते समदं खरं हाय. लोकांचंबी मला काय न्हाई. माझं एकच इचारनं हाय."

"विचारा."

"माझ्या आईनं बाप आजारी हुता तवा त्याचं समदं केलं. मग माझं केलं. आता कुटं तिचे दिवस मोकळे झाले. तुमचे वडील सत्तरीच्या पुढं. उद्या ते अंथरुनाला टेकले तर तिनं पुन्यांदा तेच करायचं का?"

मी म्हटलं, "त्यांचं करायला आम्ही आहोत. मी आहे, भार्गवी आहे."

"आन माझी आई पडली तर?"

हा प्रश्न मी वाटेत कुठंच धरला नव्हता. मी भार्गवीकडे बघितलंही नाही. म्हणालो, "त्यांचंही करू. तुम्ही हाक मारायच्या आधी."

मी हे वाक्य आधी लिहून पाहिलेलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि ते खरं आहे हे मला ऐकल्यावर कळलं. हनुमंतनं आत बायकोला हाक मारली, "मोनिका, भाकरी टाक गं. पाव्हनं जेवून जात्यात."

परत येताना वाटेतलं सुपा सोडल्यावर भार्गवीनं कपाळ माझ्या पाठीला टेकलं.

५ मार्च

लग्नाची नोटीस दिली. आता महिनाभर थांबायचं.

मी बाबांना म्हटलं, तुमच्या खोलीत दुसरं कपाट करून घेऊ, भिंतीही रंगवून टाकू. बाबा म्हणाले, "कशाला? मी तिकडं राहायला जाणार आहे. दुकानाच्या मागं दोन खोल्या आहेत."

"तुम्ही जाणार?"

"तिचं दुकान तिथं आहे. सकाळी आठला गिऱ्हाईक येतं. माझं इथं काय आहे? बूट तेवढे न्यायचेत."

"आणि आम्ही?"

"चालत दहा मिनिटं," बाबा म्हणाले. "तुला झेपेल."

इतके दिवस मी एका बाईला गावाबाहेर घालवायची खटपट करत होतो. घर सोडून निघणारा माणूस दुसराच आहे, हे मला कधी दिसलंच नाही.

१६ मार्च

शेवटची बारा पानं फाडली. आत्तापर्यंत इतकं काही फाडून मला बरं वाटलं नव्हतं.

या आठवड्यात बाबांनी कादंबरी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवली, मी बाजूला बसून ऐकत होतो. माझी परवानगी विचारली होती. मीच उलट विजयमालाबाईंना म्हणालो, तुम्हाला नको असेल तर सगळं बाजूला ठेवतो. त्यांनी आधी ऐकते म्हणून सांगितलं. ऐकून झाल्यावर मशीन थांबवून म्हणाल्या, "लिवा. पर ही बाई लई शांत हाय. येवढी शांत बाई दुकान चालवील का? उदारीवाला आला की ती काय करती ते लिवलंच न्हाई तुमी. आन तिला हसू येत न्हाई का कदी?"

"येतं. पुढं येतं," मी म्हटलं.

"पुडं कशाला? पहिल्यापासनं येऊ द्या."

आणि मी घरी येऊन पहिल्यापासून लिहायला घेतलं. दमयंती आता टोच्यानं पुठ्ठ्याला भोक पाडता पाडता अमृतरावांची थट्टा करते. मला तिचं पुढचं वाक्य माहीत नसतं. ती बोलली की कळतं.

३१ मार्च

आज हस्तलिखित द्यायचं होतं. ज्योतीताईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. "तुम्ही म्हणाला होतात तू या म्हाताऱ्याला ओळखतोस. मी नाही म्हणालो होतो. ते चुकीचं होतं. ते माझे वडील आहेत. आणि मी त्यांना ओळखत नव्हतो, हेही खरं."

त्या म्हणाल्या, "मग आता ओळख झाल्यावर लिही. पावसाळ्यापर्यंत थांबते."

काल पाडव्याला हनुमंत, मोनिका आणि विजयमालाबाई आमच्याकडे जेवायला होते. श्रीखंड संपलं.

९ एप्रिल

लग्न झालं. सह्यांना अर्धा तास लागला, त्यातला बराचसा बाबांना पेन पसंत पडेना म्हणून. बाबांची पँट अगदी मापात होती. हनुमंतनं माझ्या वडिलांना वाकून नमस्कार केला, मी त्याच्या आईला. त्यांना काय म्हणायचं, हे मी धीर करून विचारलं. "बाई म्हना," त्या म्हणाल्या. "समदं भिंगार बाईच म्हनतं. तुमी काय येगळे हायसा का?"

संध्याकाळी बाबांची बॅग, बूट आणि उशी घेऊन मी सोडायला गेलो. परत आल्यावर स्वयंपाकघरात खूप वेळ बसलो. भार्गवीनं चहा ठेवला. घर मोठं वाटत होतं, पण रिकामं नाही वाटलं. का ते सांगता येणार नाही.

२० एप्रिल

आज रविवार. भार्गवीनं पुरणपोळ्या करून दिल्या, त्या घेऊन दुकानाकडे गेलो. दुपारच्या वेळी दुकान बंद, म्हणून मागच्या दारानं गेलो. दार उघडंच होतं, पडदा होता. आतून बाबांचा आवाज येत होता. मी हाक मारणार, तेवढ्यात थांबलो.

ते आईबद्दल सांगत होते. लग्न होऊन नवीनच भिंगारला आली होती आणि सायकल शिकत होती. शिकवणारे बाबाच. छावणीच्या रस्त्यावर बाबांनी हात सोडला आणि सायकल उतारावरून सुटली ती थेट लष्कराच्या फाटकाकडे. पहारेकरी मध्ये उभा राहून 'थम' म्हणून ओरडला, तर आईनं त्याला ओरडून सांगितलं, "मला थांबता येत नाही, तुम्हीच बाजूला व्हा!"

आत बाई खळखळून हसल्या. "मग? झाला का त्यो बाजूला?"

"झाला की! लष्कराचा माणूस, हुकूम ऐकायची सवय."

ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. माझी आई सायकल चालवायची हेही मला माहीत नव्हतं. वेणी उडते आहे, साडीचा काठ चेनमध्ये अडकायच्या बेतात आहे आणि ती हसते आहे, अशी ती मला पडद्याबाहेर उभ्या उभ्या दिसली. माझ्या हातातला डबा गरम होता. मी आत गेलो. बाबांनी सवयीनं विषय बदलायला तोंड उघडलं.

मी स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, "फाटकाच्या आत गेल्यावर काय झालं?"